तिसऱ्या अंकाची फाईल

५ नोव्हेंबर २०२४

आज पुनमसोबत भांडलो. हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर चार दिवसांनी तिचंच बरोबर होतं असं मलाच वाटायला लागेल.

पुनम म्हणजे माझ्या पुतण्याची, रोशनची बायको. पोंभुर्ण्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं ऑनलाईन सेंटर आहे. तिची वेबसाईटही आहे. लोक तिथून उत्पन्नाच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे कोरे फॉर्म घरबसल्या डाउनलोड करून घेतात. दिवाळीआधी तिनं त्याच वेबसाईटवर माझ्यासाठी एक पान उघडलं. वर लिहिलं, 'दसरू निकुरे, झाडीपट्टी नाटकांचे प्रॉम्प्टर, सव्वीस सीझन'. खाली माझ्या नाटकांच्या वह्या, एकेक पान स्कॅन केलेलं. ज्याला हवी त्यानं बटण दाबावं आणि फाईल घ्यावी. मी म्हणालो, पेटीत उंदरांच्या कामी येण्यापेक्षा बरं. आतून फार आनंद झाला होता, पण तो दाखवला नाही.

भांडण झालं आवाजावरून. माझं म्हणणं, नुसते कागद देऊन काही होत नाही, मी प्रॉम्प्टिंग रेकॉर्ड करून टाकतो.

"लोकायले वाचता येते न काकाजी. तुमी या वयात घसा काऊन फाडता?"

"तुले खड्डा मालूम आहे का, खड्डा?"

तिला नव्हता मालूम. तिचं माहेर वर्ध्याकडचं. मग सांगावं लागलं. आमच्या झाडीपट्टीत स्टेजच्या पुढे, मधोमध एक खड्डा खणतात. प्रॉम्प्टर त्यात बसतो. वही मांडीवर, डोकं फळ्यांच्या जरासं वर. नटांना सीझनमध्ये रोज नवं गाव, कधी रोज नवं नाटक, पाठ करायला वेळ कोणाला? प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्याची सुरुवात हळूच देतो. नट ती उचलतो आणि रंगवून म्हणतो. टाळ्या त्याला. पब्लिकला प्रॉम्प्टर दिसत नाही, नटांनासुद्धा वरून नुसता केसांचा भांग दिसतो.

"म्हंजे सव्वीस वर्षं तुमचं तोंड कोणी पाह्यलंच नाई!" म्हणाली आणि हसत सुटली. यात हसण्यासारखं काय आहे?

शेवटी हो म्हणाली. पहिलं नाटक 'वेशीवरची सून' घ्यायचं ठरवलं. त्यात शकुबाई हिरोईन होती म्हणून नाही. वही चांगल्या हालतीत आहे म्हणून.

९ नोव्हेंबर

पहिला अंक झाला. पुनमनं तिचा मोबाईल दिला आणि कापसाच्या गाद्यांमध्ये बसवलं, आवाज घुमू नये म्हणून. दोनदा कुत्रं भुंकलं, एकदा भाजीवाली आली. तिसऱ्यांदा जमलं.

बोलताना मी झाडीचाच, पण हातात वही आली की नाटकातली मराठी येते. ती मी अजून बरी देतो. 'केशव, या घराचा उंबरठा...' एवढं म्हणायचं आणि थांबायचं. किती थांबायचं ते नट कोण आहे त्यावर. लच्छू सासऱ्याचं काम करायचा, तो वाक्य हातातून हिसकावून घ्यायचा, त्याला एक श्वास पुरे. शकुबाईला चार लागत. ती वाक्य आधी डोळ्यांत आणायची, मग तोंडात.

पुनम ऐकत होती. मध्येच म्हणाली, "काकाजी, इथी येवढी शांतता काऊन आहे? फाईल बंद पडली का?"

"तिथं ती रडते."

"कोण ती?"

"यमुना. हिरोईन. वेशीवरची सून."

"तिचं रडणं पूर्ण होतपर्यंत तुमी थांबले?"

मग काय अर्ध्यात पुढचं वाक्य देऊ? या पोरींना कामातलं काही सांगून उपयोग नाही.

१३ नोव्हेंबर

दुसरा अंक झाला. शेवटी घसा बसला. गरम पाणी प्यालो.

त्या वेळी घशाची सोय असायची. दुसऱ्या अंकाच्या शेवटी यमुना स्टेजच्या अगदी पुढे येऊन गुडघे टेकते आणि पदरात तोंड लपवून रडते. तिथं शकुबाई पदराच्या गाठीतून एक पेपरमिंटची गोळी काढून हळूच खड्ड्यात टाकायची. गोळी थेट वहीवर पडायची. अकरा सीझन, एकही दिवस चुकला नाही. आता प्रॉम्प्टरचा घसा बसला तर तिसऱ्या अंकात तिचीच पंचाईत होणार. तेवढ्यासाठीच. हुशार बाई होती.

१४ नोव्हेंबर

तिसरा अंक रेकॉर्ड होणार नाही. वहीला मागून कसर लागली आहे. पहिले दोन अंक शाबूत आणि तिसऱ्याची पानं एकमेकांना चिकटून, खाऊन, जाळी झालेली. पुनमनं चिमट्यानं सोडवायचा प्रयत्न केला तर भुगा हातात आला.

"बाकी वही चांगली हाये न काकाजी. एवढ्याच पानायले काऊन लागली?"

मी म्हटलं मला काय माहीत.

तिनं विचारलं, पाठ असेल ना. प्रॉम्प्टरला कधीच पाठ नसतं, हे लोकांना कसं समजवावं? पाठ केलं की नजर सुटते आणि नजर सुटली की ओळ चुकते. मी शंभरदा दिलेलं नाटकही दर वेळी वाचूनच दिलं. दोनच अंक वेबसाईटवर टाकले.

१८ नोव्हेंबर

पानाखाली अभिप्रायाची चौकट आहे. मूलकडच्या एका मंडळाच्या पोरांनी लिहिलं, 'फाईल खराब आहे. वाक्यं अर्धवट ऐकू येतात. मधे मधे आवाज गायब.'

गाढव आहेत. आवाज गायब नाही, तिथं तुम्ही बोलायचं आहे! पुनमला म्हटलं, असंच लिही. तिनं लिहिलं, 'आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.'

२३ नोव्हेंबर

मोठी बातमी. कोणती फाईल किती जणांनी घेतली ते पुनमच्या कॉम्प्युटरवर दिसतं. बाकी नाटकं तीन, पाच, दोन. 'वेशीवरची सून', दुसरा अंक, आवाज : दहा!

रोशनला सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. दहा मंडळं माझ्या आवाजावर नाटक बसवत असतील. सिंदेवाही, नागभीड, कुठं कुठं. लोक म्हणायचे, आता सगळ्यांच्या कानात यंत्र लागणार, प्रॉम्प्टर संपला. घ्या म्हणावं.

३० नोव्हेंबर

सतरावर गेला आकडा. मी पुनमला म्हटलं, एखादा सत्काराचा अर्ज असतो का ग ऑनलाईन? ती हसली नाही. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"काकाजी, नाराज नका होऊ. हा सगळा एकच मोबाईल हाये. चंद्रपूरकडचा. रोज दुपारी तीन वाजता बटण दाबते. कोणाले तरी डाउनलोड झालेली फाईल सापडत नसन, म्हणून रोज नव्यानं घेते."

"सतराच्या सतरा?"

"दोन सोडून. ते दोन मी दाबले होते. तुमाले बरं वाटावं म्हणून."

जेवलो नाही. म्हणजे भूक नव्हती. एक कोणीतरी येडा माणूस रोज तीन वाजता माझा दुसरा अंक ऐकतो, आणि मी गावभर सांगत फिरलो. उद्या न्हाव्याकडे जायचं नाही.

३ डिसेंबर

अभिप्रायाच्या चौकटीत आज हे आलं. जसंच्या तसं उतरवतो.

'नमस्कार. तिसऱ्या अंकाची फाईल कुठी आहे? माझ्या आईला आम्ही रोज दुसरा अंक ऐकवतो. तो संपला की ती तशीच बसून राहते. पुढचं येईल म्हणून वाट पाहते. हलत नाही, जेवत नाही. कृपा करून तिसरा अंक टाका. स्वाती, ऊर्जानगर.'

खाली मोबाईल नंबर.

असेल कोणी रसिक बाई. पूर्वी आमच्या नाटकांना बाया गाड्या जुंपून यायच्या. ऊर्जानगरात वीज केंद्राच्या हजारो क्वार्टर आहेत आणि प्रत्येकीत कोणाची तरी आई असणार. मी पुनमला सांगितलं, लिही, तिसरा अंक उपलब्ध नाही, क्षमस्व.

"एवढंच?"

"मंग काय कादंबरी लिवू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चहा गार झाला होता तरी मी तो पीत होतो, त्याच्याकडे बघत असेल.

६ डिसेंबर

तीन वाजता पुनमच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. तीन वाजून चार मिनिटांनी आकडा बदलला. आणखी थोडा वेळ तिथंच उभा होतो. दुसरा अंक एकोणचाळीस मिनिटांचा आहे.

८ डिसेंबर

पुनमनं मला न विचारता त्या नंबरावर फोन लावला आणि माझ्या हातात दिला. असल्या वेळी काय बोलावं? मी म्हटलं, "हॅलो, मी दसरू निकुरे बोलून राह्यलो."

पलीकडून एक मुलगी, मुलगी कसली, तिशीची बाई असेल, म्हणाली, "मास्तर? तुमी मास्तर का जी? तोच आवाज हाये."

झाडीपट्टीत प्रॉम्प्टरला मास्तर म्हणतात. वीस वर्षांत मला कोणी म्हटलं नव्हतं.

तिची आई शकुबाई आहे.

हे मला माहीत होतं. तीन तारखेलाच माहीत होतं. इथं खोटं कशाला लिहू?

स्वातीनं सगळं सांगितलं. तीन वर्षांपासून शकुबाईचं विसरणं सुरू आहे. आधी दिवस, मग रस्ते, मग माणसं. नवरा गेला तेही आठवत नाही. स्वाती शाळेत शिकवते. दुपारी आईजवळ सांभाळायला ठेवलेली सोमारी असते, ती जंगलपट्टीतल्या गावची आहे. एक दिवस स्वातीनं मोबाईलवर सहज माझं पान उघडलं, आईच्या नाटक कंपनीतलं कोणीतरी म्हणून, आणि दुसरा अंक लावला. 'केशव, मी परक्याची...' असं मी म्हणालो आणि खाटेवर पडलेली शकुबाई उठून बसली आणि अख्खं वाक्य म्हणाली. पुढचं दिलं, पुढचं म्हणाली. एकही शब्द चुकला नाही. तेव्हापासून सोमारी रोज तीन वाजता बटण दाबते. फाईल मोबाईलमध्ये कुठे जाते ते तिला समजत नाही, म्हणून रोज नव्यानं. आता मोबाईल भरला.

"पन ते पेपरमिंटचं काय हाये, मास्तर?" स्वाती म्हणाली. "पदरात गोळ्या बांधून ठेवते. आणल्या नाई तर रागावते. खात नाई. अंक संपत आला की एक गोळी फरशीवर टाकते, सोमारी झाडून घेते. काऊन टाकते, तुमाले मालूम आहे का?"

मी म्हटलं, नाटकातली काहीतरी सवय असेल.

फोन ठेवताना म्हणाली, "ती यमुना होते तेवढा वेळच बोलते जी. मले म्हणते, बाई, तुमी कोणाकडच्या? माझ्या नावानं हाक मारून तिले दोन वर्षं झाले."

९ डिसेंबर

लच्छूला फोन केला. तिसरा अंक आठवतो का विचारलं. त्याला स्वतःची सगळी वाक्यं आठवतात, जोरजोरात म्हणून दाखवली. यमुनेचं एकही आठवत नाही. "ती बोलत राहे तेव्हा मी पब्लिक पाहत राहो," म्हणतो.

मला एवढंच आठवतं : यमुना घर सोडून वेशीवर येते. वळून आपल्या मुलीला, चंदाला हाक मारते. पडदा.

१० डिसेंबर

पुनमनं आज सरळ विचारलं. ज्वारीची भाकर थापत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकाजी, तुमी लगन त्या शकुबाईपाईच नाई केलं का?"

मी उठून अंगणात गेलो. उत्तर तिला दिलं नाही, इथं देतो.

मे १९९४. शकुबाईचा शेवटचा प्रयोग, ऊर्जानगरचं स्थळ आलं होतं, बिजवर पण नोकरीचा माणूस. नाटकाआधी दुपारी मी खड्ड्यात पोतं अंथरून वही लावत होतो. ती वर येऊन बसली, पाय खड्ड्यात सोडून. म्हणाली, "मास्तर, समद्यायचे बोल तुमच्यापाशी असते. तुमचा सोताचा एखांदा नाई का? आज सांगा. मंग मी कुठी भेटतो तुमाले?"

मला वाक्य माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. मी म्हणालो, "थांबा बाई, पान लावून राह्यलो."

ती थोडा वेळ थांबली. चार श्वास. मग उठून तोंड रंगवायला गेली.

त्या प्रयोगात तिनं गोळी टाकली ती मी खाल्ली नाही. तिची शेवटची म्हणून तिसऱ्या अंकाच्या पानांत ठेवली आणि वही बांधली. एकतीस पावसाळे ती पेटीत राहिली. गोळी विरघळली, पानं चिकटली, साखरेला झुरळं आली, कसर आली. अंक मीच खाऊ घातला. जी गोळी खायची होती ती ठेवून दिली, आणि जे ठेवायचं होतं ते गेलं. आता ती बाई रोज तीन वाजता त्याच अंकाची वाट बघत बसते.

१६ डिसेंबर

उद्या ऊर्जानगरला जातो. पान नाही तर नाही. स्वातीचा चारदा फोन आला.

एक गोष्ट मनात आली आणि ती जात नाही. शकुबाईला मी जे देतो ते ती म्हणते. विचारत नाही, अडत नाही. तिसऱ्या अंकाचं पान कोरं आहे. तर मी काहीही देऊ शकतो. एका कागदावर एक वाक्य लिहून खिशात ठेवलं आहे. 'मास्तर, मला तुमच्यासोबत यायचं होतं.' एवढंच. एकदा तिच्या तोंडून ऐकलं की झालं. कोणाचं काय जातं? स्वातीला वाटेल नाटकातलंच आहे. शकुबाईला तर पाच मिनिटांनी काही आठवणार नाही. एकाहत्तर वर्षांत मी स्वतःसाठी काय मागितलं?

चूक आहे का? आहे. तरी कागद खिशात आहे.

१७ डिसेंबर, चंद्रपूर बस स्टँड

पोंभुर्ण्याची बस अजून लागली नाही. बाकावर बसून लिहितो.

दुपारी अडीचला पोचलो. ऑटोवाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं, क्वार्टर सगळ्या सारख्याच. स्वाती फाटकात उभी होती. उंची आईचीच. पाया पडायला वाकली तर मी मागे सरकलो, उगाच. "या जी मास्तर," म्हणाली. आत सोमारी होती, तिनं पाणी दिलं आणि मला खालून वर बघितलं. "हा तर म्हातारा निघाला," असं स्वातीला म्हणाली. आवाज तरुण वाटला असावा.

शकुबाई खाटेवर बसली होती, भिंतीला टेकून. केस सगळे पांढरे, दोन वेण्या सोमारीनं घातलेल्या. मी समोर उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे. मला ओळखलं नाही.

वाईट वाटलं. नाही, वाईट नाही, मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, ओळखणार कशी? तिनं तोंड कुठं फारसं बघितलं होतं?

मी स्वातीला म्हटलं, मला खाली बसू दे. खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसलो, तिच्याकडे पाठ करून, डोकं खाटेच्या जरासं वर. गुडघे कुरकुरले. वही मांडीवर उघडली. बरोबर तीन वाजता दुसरा अंक सुरू केला.

"केशव, मी परक्याची..."

एक, दोन, तीन, चार. आणि मागून आवाज आला. "केशव, मी परक्याची लेक खरी, पण या घरात दिवा लावला तो माझ्या हातांनी!"

म्हातारा झाला आहे आवाज, पण आहे तोच. माझे डोळे भरले आणि ओळ दिसेना. सव्वीस सीझनमध्ये असं कधी झालं नव्हतं. स्वातीनं हळूच चष्मा पुसून दिला. आम्ही अख्खा अंक केला. केशवची वाक्यंही मीच म्हटली, सासऱ्याचीही. सोमारी दारात उकिडवी बसून डोळ्यांना पदर लावत होती.

अंक संपला. माझ्या शेजारी टप्प आवाज झाला नाही. गोळी नाही. स्वाती कुजबुजली, "आता अशीच बसते, मास्तर. वाट पाहते."

पुढचं पान उघडलं, भुगा मांडीवर सांडला. खिशातला कागद काढून त्यावर ठेवला. अक्षर माझंच, चांगलं मोठं. तोंड उघडलं. 'मास्तर, मला...' एवढं म्हणायचं होतं फक्त. समोर स्वाती उभी होती, भिंतीला चिकटून, दोन्ही हात पोटाशी. तिला कोणी सांगितलं नव्हतं की पुढे काय आहे. ती आईच्या तोंडाकडे अशी बघत होती, अशी, की मला दुसरीकडे बघावं लागलं. मी तीस वर्षं थांबलो तो माझ्या भित्रेपणानं. हिनं कोणतं पान चुकवलं होतं?

कागद घडी करून परत खिशात घातला. यमुना वेशीवर आली आहे. वळते. हाक मारते.

"स्वाती, माझ्या बाळा..."

एक. दोन. तीन. चार. पाच झाले. सहा. मला वाटलं गेलं.

"स्वाती," मागून शकुबाई म्हणाली. "माझ्या बाळा, इकडे ये. आईला एकदा पाहू दे."

पहिले तीन शब्द मी दिले होते, पुढचं तिच्याकडचं. नाटकातलंच असावं, चंदाच्या जागी. स्वाती जागची हलली नाही, तिला विश्वास बसत नसावा. मी हातानं खूण केली, जा, एन्ट्री तुझी आहे. ती खाटेजवळ गेली. मी पुस्तकी मराठीत पुढचं काही जुळवायच्या विचारात होतो, तेवढ्यात शकुबाई म्हणाली, "जेवली का तू, स्वाती? काऊन अशी वाळली?"

हे मी दिलं नव्हतं. हे कोणत्याही वहीत नाही. आमच्या झाडीच्या बोलीत, घरातल्या आवाजात, सरळ.

स्वातीनं तिच्या मांडीत डोकं घातलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. पाठ त्यांच्याकडेच होती, प्रॉम्प्टरनं वळून बघायचं नसतं. थोड्या वेळानं शकुबाई पुन्हा म्हणाली, "बाई, तुमी कोणाकडच्या?" आणि स्वाती रडत रडतच हसली, म्हणाली, "तुमच्याचकडची जी."

मी वही मिटायला घेतली. तेव्हा वहीवर काहीतरी पडलं.

पेपरमिंटची गोळी. वर बघितलं तर शकुबाईचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, बोटं उघडी. तिचं तोंड दुसरीकडे होतं.

"मास्तर," ती भिंतीला म्हणाली, "घसा बसला तुमचा."

बस लागली.

१९ डिसेंबर

आज तिसरा अंक रेकॉर्ड केला. यमुनेचं वाक्य एकच, बाकी मी जमेल तसं जुळवलं, चारशे मैलांवरून कळतं की लेखकाचं नाही. चंदाच्या जागी स्वाती ठेवलं. नंतर लांब जागा सोडली. पुनम म्हणाली, "काकाजी, इथी दोन मिनिटं काहीच नाई. कापू का?" मी म्हटलं, हात लावशील तर बघ. तिथं त्या दोघी बोलतात.

पुनमनं फाईल टाकली आणि ऊर्जानगरच्या मोबाईलमध्ये ती कशी ठेवायची, कुठं सापडेल ते सोमारीला फोनवर अर्धा तास समजावलं. तरी तीन वाजून सहा मिनिटांनी आकडा शून्याचा एक झाला. उद्या दोन होईल, मला खात्री आहे.

खिशातला कागद चुलीत घातला.

रेकॉर्डिंगच्या मध्येच घसा पार बसला होता, वेशीवरच्या वाक्याआधी. पुनम गरम पाणी आणायला उठली. मी म्हटलं, राहू दे. गोळी सदऱ्याच्या खिशात होती. या वेळी ठेवली नाही, लगेच खाल्ली, आणि पुढचं वाक्य दिलं.